बारा रात्रींचं त्रैराशिक

युरोपची सहल ठरायला लागली की पहिले पंधरा दिवस घरात कमालीचा एकोपा असतो. आजोबा पेपर बाजूला सारून नकाशा वाचतात, आजी गुडघ्याचे व्यायाम सुरू करते, मूल न सांगता दूध पितं. सोळाव्या दिवशी कोणीतरी चहात बिस्किट बुडवत म्हणतं, "एवढं लांब जातोच आहोत, तर व्हेनिसपण करून टाकू."

हे "करून टाकू" आपल्याकडे अष्टविनायकातून आलंय, असं माझं ठाम मत आहे. मोरगाव करून, सिद्धटेक करून, थेऊर गाठायचं. गाडी दाराशी, बॅगा डिकीत, ड्रायव्हर ओळखीचा आणि कुठेही थांबलं तरी मिसळ. त्याच हिशोबानं आपण बारा रात्रींत नऊ गावं बसवायला जातो. पण आगगाडीनं फिरताना एक मुक्काम हलवायचा म्हणजे निदान अर्धा दिवस जातो. मोजूनच बघा. खोली सोडायची सकाळी अकराला, नवी हातात येणार दुपारी तीनला. पाच माणसांचं आवरणं दीड तास, त्यात चार्जर शोधणं आलं. अर्धा तास आधी स्टेशन. तीनेक तास प्रवास. उतरल्यावर फोन म्हणतो उजवीकडे, आजोबा म्हणतात डावीकडे. नऊ गावं म्हणजे आठ वेळा हलवाहलव, म्हणजे चार दिवस तुम्ही फक्त बॅगांना युरोप दाखवलात.

म्हणून माझा नियम: बारा रात्री, पाच मुक्काम. सहावं नाव ज्यानं घेतलं त्यानंच पाचातलं एक स्वतःच्या हातानं खोडायचं. बहुतेक माणसं इथेच गप्प बसतात.

उदाहरणादाखल कुटुंब धरू पाच जणांचं: आजी, आजोबा, नवरा-बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. रस्ता असा: चेकमध्ये प्राग तीन रात्री, चेस्की क्रुमलोव्ह दोन; ऑस्ट्रियात साल्झबुर्ग तीन; जर्मनीत रोथेनबुर्ग दोन, म्युनिक दोन. विमानानं प्रागला उतरायचं आणि म्युनिकहून परतायचं. जिथे उतरलो तिथूनच परतायचं ठरवलं तर शेवटचा एक दिवस उलट्या प्रवासात फुकट जातो. तिकिटात वाचलेले पैसे तिथेच संपतात.

आता या बारा रात्रींवर व्हिसा बसवायचा. शेंगेन व्हिसा युरोपातल्या शेंगेन गटाच्या सगळ्या देशांना मिळून एकच असला तरी तो कोणाकडे मागायचा याचा नियम आहे. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे. आपला हिशोब चेक पाच, ऑस्ट्रिया तीन, जर्मनी चार. म्हणजे अर्ज चेककडे. एवढ्यात आजोबांना कळतं की म्युनिकला विज्ञान-तंत्रज्ञानाचं प्रचंड मोठं संग्रहालय आहे, आणि ते प्रागची एक रात्र तिकडे वळवतात. झालं! चेक चार, जर्मनी पाच. अर्ज, भेटीची वेळ, फॉर्म, सगळं जर्मनीकडे. मग सूनबाई तडजोड काढतात: प्रागची रात्र प्रागला परत, म्युनिकला हवी ती साल्झबुर्गमधून घ्या. आता चेक पाच, जर्मनी पाच, ऑस्ट्रिया दोन. बरोबरी! म्हणजे विमान आखातातून थेट प्रागला जाणारं असेल तर चेक. पण फ्रँकफुर्टला बदलायचं असेल तर पासपोर्ट तिथेच तपासला जातो, म्हणून जर्मनी. घरातल्या माणसानं संग्रहालयात किती वेळ घालवायचा यावरून वकिलात बदलते. म्हणून आधी रात्री गोठवायच्या, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, मगच फॉर्म उघडायचा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकाल साधारण पंधरा दिवसांत येतो, पण पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतो. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना 45. म्हणजे आपली चार नव्वदी आणि एक पंचेचाळीस मिळून 405, शिवाय अर्ज केंद्राचं शुल्क. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही. विमा निदान 30,000 युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला, आणि दोन पानं कोरी. घरात एकाचा तरी पासपोर्ट असा निघतोच की ज्याची मुदत ऐन मेमध्ये संपते. तो नेहमी त्याच माणसाचा असतो जो "माझं सगळं तयार आहे" असं सांगत फिरत असतो.

खरा पेच यापुढे आहे. रेल्वेची स्वस्त तिकिटं आधी काढावी लागतात आणि ती बहुधा परत होत नाहीत. व्हिसा मात्र उशिरा येतो. मी यात अशी विभागणी करते: हॉटेलं सगळी फुकट रद्द होणारी, मग दोन पैसे जास्त का पडेनात. लांबच्या गाड्यांची तिकिटं व्हिसा हातात आल्यावर. आणि जिथे प्रादेशिक, म्हणजे गावोगाव थांबत जाणाऱ्या गाड्या आहेत तिथे आधी काढायची गरजच नाही, कारण त्यांचं भाडं आयत्या वेळीही तेवढंच असतं.

साल्झबुर्ग ते रोथेनबुर्ग या दिवसाला 'बायर्न तिकीट' म्हणजे वरदान आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात दिवसभर फिरायचं, आणि साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही त्यात धरलेलं आहे. अटी दोन. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं. आठ पंचावन्नच्या गाडीत बसलात तर तुम्ही विनातिकीट. आणि फक्त प्रादेशिक गाड्या. साल्झबुर्गच्या फलाटावर त्याच दिशेला जाणारी झकपक वेगवान गाडी आधी येऊन उभी राहते, आजोबा तिच्यात चढूनही बसतात, आणि त्यांना उतरवताना आपल्या वंशातली सगळी जिद्द बाहेर येते.

म्युनिकनंतर गाडी बदलायची ट्रॉयख्टलिंगेनला आणि मग श्टाइनाखला. श्टाइनाखहून रोथेनबुर्ग पंधरा मिनिटांवर. पण श्टाइनाख म्हणजे इवलंसं स्टेशन आणि बदलायला हातात थोडीच मिनिटं. चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघत मोकळ्या शेतांकडे पाहत बसायचं. तिकीट शोधताना नाव पूर्ण लिहायचं: रोथेनबुर्ग ओप डेर टाउबर. कारण जर्मनीत रोटेनबुर्ग आणि रोटनबुर्ग अशी मिळतीजुळती गावं बरीच आहेत, आणि श्टाइनाखही एकाहून अधिक. रायगडचं कर्जत आणि नगरचं कर्जत यातला गोंधळ ज्यांनी भोगलाय त्यांना अधिक सांगायला नको.

प्राग ते क्रुमलोव्ह मात्र बस बरी. तीनेक तासांत जुन्या गावाच्या काठाशी सोडते. रेल्वे स्टेशन टेकडीवर आहे. क्रुमलोव्ह ते साल्झबुर्ग हा या सहलीतला सर्वांत कटकटीचा तुकडा. रेल्वेनं जायचं तर आधी चेस्के बुदेयोव्हित्से, मग लिंत्स, मग साल्झबुर्ग. तीन गाड्या, दोन बदल्या, अख्खा दिवस. पाच माणसं असतील तर दारापासून दारापर्यंत नेणारी व्हॅन करावी. तीन तासांत पोचवते, आणि आजीच्या गुडघ्याचा भाव त्यात धरला तर स्वस्तच.

गुडघ्यावरून दगड आठवले. या मध्ययुगीन गावांचं सगळं सौंदर्य ज्या फरसबंदीत आहे तीच बॅगांच्या चाकांचा काळ आहे. अठ्ठावीस इंची बॅग क्रुमलोव्हच्या गल्लीत ओढली की अख्खं गाव खिडकीत येतं. चार चाकांची बॅग इथे निरुपयोगी: छोटी चाकं दगडांच्या फटीत अडकतात आणि बॅग आडवी होते. मोठ्या दोन चाकांची घ्यावी किंवा पाठीवरची सॅक. माणशी एक, केबिनच्या मापाच्या जवळपास. "पाच जणांत दोन मोठ्या" हा युक्तिवाद ऐकू नका. मोठी बॅग शेवटी एकाच माणसाला उचलावी लागते आणि स्टेशनच्या लहान लॉकरमध्ये ती मावत नाही. पाच मुक्कामांपैकी एका ठिकाणी कपडे धुण्याचं मशीन असलेलं घर घ्यायचं, साधारण मध्यावर, म्हणजे साल्झबुर्गला. बाकी ठिकाणी खोली घेताना लिफ्ट आहे का हे फोटोवरून ठरवू नका, लिहून विचारा. चारशे वर्षांच्या घरात लिफ्ट नसणं हे ते लोक वैशिष्ट्य म्हणून सांगतात. आणि "खाली एक गादी टाकू" हे तिथे चालत नाही. खोलीत जेवढी माणसं नोंदवली तेवढीच.

जिन्यांचाही आधीच हिशोब हवा. प्रागच्या सेंट व्हिटस कॅथेड्रलच्या मनोऱ्याला 287 पायऱ्या, क्रुमलोव्हच्या किल्ल्याच्या मनोऱ्याला 162. प्रागच्या जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्यात मात्र लिफ्ट आहे, साल्झबुर्गच्या किल्ल्यावर दोरखंडावर चालणारी रेल्वे आहे. आजी-आजोबांचे मनोरे हे. रोथेनबुर्गच्या तटावरून चालायला अडीच किलोमीटरचा छत असलेला मार्ग मिळतो. एकदा चढलं की सपाट, पण उंच माणसानं डोकं सांभाळावं. तटाच्या दगडांवर नावं कोरलेली दिसतात. 1945च्या बॉम्बहल्ल्यात पडलेला भाग देणग्यांतून उभा राहिला, ती त्या देणगीदारांची नावं. देवळाच्या पायरीवर "कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ" वाचत वाढलेल्या माणसाला तिथे एकदम घरच्यासारखं वाटतं. मुहूर्ताची आवडही आपलीच एकटीची नाही. प्रागच्या चार्ल्स पुलाचा पहिला दगड 1357 साली, नवव्या तारखेला, सातव्या महिन्यात, पाच वाजून एकतीस मिनिटांनी ठेवला असं सांगतात. आकडे ओळीनं मांडा: 1, 3, 5, 7, 9, 7, 5, 3, 1.

पैशांचं एवढंच की चेकमध्ये युरो नव्हे, कोरुना. प्रागमध्ये पैसे बदलताना "शून्य कमिशन" ही पाटी बघून आत शिरू नका. कमिशन दरात मुरलेलं असतं. फसलात तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करून मागता येतो, तसा तिथला कायदा आहे. पावती मात्र जपायची. कार्डाच्या मशीननं "रुपयांत घेऊ का?" असं प्रेमानं विचारलं तर नाही म्हणायचं आणि कोरुनाच निवडायचा.

खाण्याच्या पिशवीवर घरात जी चर्चा होते तेवढी मार्गावरही होत नाही. नियम ऐकून आजी खट्टू होते: भारतातून युरोपीय संघात दूध, तूप, पनीर, मांस नेता येत नाही. ताजी फळं-भाज्याही सरकारी प्रमाणपत्राशिवाय नाहीत. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्यूरियन यांना. म्हणजे हापूस नाही, कढीपत्ता नाही, पण सत्यनारायणाची निम्मी तयारी नेता येते. चटण्या, मेतकूट, भाजणीचा खाकरा, थालीपिठाची भाजणी खुशाल न्या. फक्त खोलीत फोडणी करू नका. धुराची घंटा वाजली की सगळं हॉटेल नाइट ड्रेसमध्ये रस्त्यावर येतं. छोटी किटली जवळ हवीच, तिकडच्या बऱ्याच हॉटेलांत ती नसते. आपली दोन पिनांची प्लग तिथे बसते, तीन जाड पिनांची नाही.

बाहेर शाकाहारी खायचं तर प्रागमध्ये तळलेलं चीज, साल्झबुर्ग-म्युनिककडे चीज घातलेले श्पेट्झल, म्हणजे अंडं घालून केलेल्या जाडसर शेवया. मेमध्ये सगळीकडे पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचे (शतावरीच्या जातीच्या कोंबांचे) पदार्थ मिळतात, त्याचा हंगाम 24 जूनपर्यंत. मागताना "मांस नको" एवढ्यावर थांबू नका. हॅमला तिकडे मांस न मानणारे वेटर भेटतात, म्हणून "हॅम नको, बेकन नको" असं नावानिशी सांगायचं.

आणि रविवार! ऑस्ट्रिया-जर्मनीत रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुकानं बंद. मेमध्ये धार्मिक सुट्ट्या एकामागून एक येतात. दूध, पाव, दही शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवायचं. विसरलात तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी मिळतात. रोथेनबुर्गचं स्टेशन त्या मोठ्यांत येत नाही.

जाता जाता एक. म्युनिकहून व्हेनिसला थेट गाडी जाते, साडेसहा-सात तासांत. हे घरात सांगू नका.