अमेरिकेत आरोग्यविमा कंपनी काढताय? मग हे वाचाच

हप्ते कसे गोळा करायचे ते तुम्हाला शिकवायला नको, ते कुणालाही जमतं. खरं कसब लागतं डॉक्टरांचे पैसे पोचवताना. ते पोचले पाहिजेत, पण लगेच नाही. आणि पोचले तरी पुरते नाहीत.

कायद्याला मुळीच घाबरू नका. भारतात विमा हा केंद्राचा विषय. एक नियामक, एक परिपत्रक, सगळ्यांना एकदम कळतं. त्यात काय गंमत? अमेरिकेत १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने विम्यावरची देखरेख राज्यांवर सोडली. त्यामुळे डॉक्टरचं बिल किती दिवसांत चुकतं करायचं, हे ज्या त्या राज्याने ठरवलंय. न्यूयॉर्क म्हणतं, इलेक्ट्रॉनिक बिल ३० दिवसांत, कागदी ४५ दिवसांत, आणि उशीर झाला तर वर्षाला किमान १२ टक्के व्याज.

व्याज ऐकून घाम फुटला? पुसा. बहुतेक राज्यांत हे दिवस मोजले जातात ते ‘क्लीन क्लेम’ हातात पडल्यापासून. म्हणजे सगळे कोड बरोबर, सगळे कागद जोडलेले, विचारायला काही शिल्लक नाही, असं बिल. आता मला सांगा, जगात असं बिल असतं का? विचारायला काही ना काही सापडतंच. रुग्णाच्या केसपेपरची प्रत मागवा. ती आली की तपासण्यांचे अहवाल मागवा. या रुग्णाला दुसरीकडचा विमा आहे का, हे विचारायचं राहिलंच होतं, तेही विचारा. चौकशी मुदतीच्या आत करायची, एवढं पथ्य पाळलं की घोंगडं कायदेशीररीत्या भिजत पडतं. डॉक्टरच्या बिलिंगवाल्या बाई फोन करतील. त्यांना संगीत ऐकवा.

तरीही एखादं राज्य फारच मागे लागलं, तर एरिसा म्हणा. १९७४ चा हा केंद्रीय कायदा कामगारांच्या पेन्शनचं आणि इतर लाभांचं रक्षण व्हावं म्हणून आला. रक्षण कुणाचं झालं ते आता तुम्ही पाहालच. मोठे मालक नोकरदारांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून करतात आणि विमा कंपनी फक्त बिलं हाताळते. एरिसामुळे अशा योजनांना राज्याचे विमा कायदे सहसा लागू होत नाहीत. आणि नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक अशाच योजनांत आहेत. रुग्णाच्या कार्डावर नाव तुमचंच छापलेलं, त्यामुळे समोरचा रुग्ण राज्याच्या कायद्यातला की त्याबाहेरचा, हे डॉक्टरला कार्डाकडे बघून कळत नाही. जॉर्जियाने २०११ मध्ये जोर केला: १५ कामकाजाच्या दिवसांत पैसे द्या, आणि मालकांच्या योजनांनीही द्या. विमा कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. मालकांच्या योजनांना हात लावता येणार नाही, असं २०१४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानेही म्हटलं. जॉर्जियाचा हेतू चांगला होता, हे मात्र सगळ्यांना मान्य असावं.

तुमच्याशी करार नसलेल्या डॉक्टरांसाठी याहून नामी उपाय आहे. चेक डॉक्टरला पाठवूच नका, रुग्णाच्या घरी पाठवा. ‘माझे पैसे परस्पर डॉक्टरला द्या’ असं रुग्णाने लिहून दिलं तरी फिकीर नको. असं लिहून देता येणार नाही, हे कलम पॉलिसीत आधीच घालून ठेवा. घरभाडं थकलेल्या माणसाच्या हातात भलामोठा चेक पडला की पुढचं आपोआप होतं. मग डॉक्टर वसुलीसाठी रुग्णाच्या मागे लागतो आणि त्या भांडणात तुमचं नावही निघत नाही. काही राज्यांनी रुग्णाचं लिहून देणं मानलंच पाहिजे असे कायदे केले आहेत, पण त्यातही दिलासा आहे. आर्कान्सासचा असा कायदा नोकरदारांच्या योजनांपुरता एका अपील न्यायालयाने १९९१ मध्ये एरिसाच्या नावाने मोडीत काढला. लुइझियानाचा तसाच कायदा दुसऱ्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये उचलून धरला. राज्यं शेजारी शेजारी, सीमा एक. तेव्हा कंपनीचा नकाशा जरा बघून आखा.

आणि एवढं करून पैसे द्यायची वेळ आलीच, तर व्हर्च्युअल कार्ड. ही खरी प्रतिभा! चेक नाही, खात्यात जमा नाही. फॅक्सवर किंवा पाकिटात एका क्रेडिट कार्डाचे सोळा आकडे पाठवायचे. डॉक्टरने ते आपल्या कार्ड मशीनवर मारायचे आणि दोन ते पाच टक्के कट भरायचा. म्हणजे स्वतःच्याच कमाईवर टोल. त्या कटातला थोडा वाटा फिरून तुमच्याकडेही येऊ शकतो. २०१४ पासून केंद्राचा नियम आहे की डॉक्टरने मागितलं तर पैसे थेट बँकेत जमा करावेत. मागितलं तर! न्यू जर्सीत दवाखाना थाटलेला तुमचा मावसभाऊ दिवसाला पेशंट बघेल की नियम वाचेल? आणि वाचलाच, तर बँकेत जमा करण्याचीही ‘सेवा’ म्हणून मधल्या कंपनीमार्फत टक्केवारी लावता येते. दंतवैद्यांनी यावर फार कटकट केली, त्यामुळे काही राज्यांत आता बिनखर्चाचा पर्याय द्यावा लागतो. तो द्या. पत्राच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत.

राहता राहिलं न्यूयॉर्कचं ते १२ टक्के व्याज. इतकं सांभाळूनही कधी भरावं लागलं, तर तेही कार्डावरच पाठवा.