एकाचंच पुरं ठेवा की

परवा स्टोअरमधून माझी हार्ड डिस्कची मागणी परत आली. वर लाल शाईत शेरा: 'एवढी जागा कशास? खुलासा द्यावा.' कागदावर खुलासा दिला की तो वाचला जात नाही, म्हणून स्वतःच खाली गेलो.

आमच्या मेडिकल कॉलेजचं स्टोअर तळघरात आहे. कापसाचे गठ्ठे, सलाइनची खोकी आणि मधोमध काका. काका खानापूरकडचे, रिटायरमेंटला टेकलेले. बोलतात मराठी, हिशेब करतात कानडीत आणि नकार दोन्ही भाषांत देतात.

"बसा की सर. तुम्ही ते कॉम्प्युटरवाले न्हवं?"

"बायोइन्फर्मॅटिक्स."

"तेच की. सोळा टीबी! आमच्या पोराच्या लग्नाचं सगळं शूटिंग एका पेन ड्राइव्हात बसलंय, हळदीसकट. तुम्ही काय ठेवतासा एवढं?"

माणसाचा जीनोम, म्हटलं. म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, तीनशे कोटी अक्षरं.

"किती परकारची?"

"चार. ए, सी, जी, टी."

"चारच?" चष्मा कपाळावर गेला. "कानडीत एकुणपन्नास हाईत. तरी वर्षाचा माल एका रजिस्टरात मावतोय."

हातमोज्यांसाठी ताटकळलेल्या सिस्टर म्हणाल्या, "चार अक्षरांत माझं नाव पण लिहून व्हायचं नाही. काका, माझा बॉक्स द्या आधी." काकांनी दिला नाही. त्यांना आता विषयात गोडी वाटू लागली होती.

मी सांगितलं की यंत्र अख्खा जीनोम सलग वाचत नाही, दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं. वाचताना चुकतं, म्हणून प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचून घ्यायची, आणि प्रत्येक अक्षराशेजारी ते किती खात्रीचं आहे त्याचा आकडाही ठेवायचा. दाबून बसवलं तरी माणशी ऐंशी-शंभर जीबी होतात.

"तीस बारी? शिकलेली माणसं न्हवं तुम्ही? एकदाच नीट वाचायचं."

"काका, मशीन वाचतं."

"मग मशीन बदला. डिस्क कशाला मागतासा?"

हा मुद्दा खोडता येईना. नव्या मशीनची किंमत सांगितली असती, तर त्याचीही तीन कोटेशनं मागितली असती.

"बरं, माणसामाणसात फरक किती?"

"हजारात एखादं अक्षर."

"म्हणजे बाकी समदं सारखंच? मग एकाचंच पुरं ठेवा की! बाकीच्यांचा नुसता फरक लिहायचा." त्यांनी कापसाचं रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. पहिल्या ओळीत मालाचं सविस्तर वर्णन, आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे', 'वरीलप्रमाणे'.

केंब्रिजजवळच्या युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी २०११ साली नेमकी हीच युक्ती पेपर लिहून मांडली. त्यातून आलेल्या फाइलीला क्रॅम म्हणतात. प्रमाण जीनोमशी जुळतं ते पुन्हा लिहायचं नाही, फरक तेवढा नोंदवायचा. आम्ही कायमची साठवण करतो ती तशीच. पण तिथवर पोचायला आधी कच्चा माल, मग मधल्या फाइली, मग... "मधल्या पुसा की," काका म्हणाले. मला राग आला तो ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. माझ्या हुद्द्यावर बसून मी जे सेमिनारात सांगतो, ते त्यांनी कापसावरून सांगितलं आणि वर माझी मागणीही नाकारली.

दुसरी हरकत तारखांची. मागणीला जनुकांची जुनी यादी जोडलेली होती. ऑफिसनं ती एक्सेलमध्ये उघडून छापली आणि 'मार्च१' नावाच्या जनुकाचा १ मार्च झाला. काकांनी त्याला गोल केला होता: 'ही कुठली तारीख?' एक्सेलच्या या खोडीनं जगभरच्या संशोधकांच्या याद्या नासल्या. शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीनं हात टेकले आणि माणसाच्या जनुकांचीच नावं बदलली: मार्च१ चं मार्चएफ१, सेप्ट१ चं सेप्टिन१. ही खोड बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये. हे सगळं मी काकांना समजावलं. ते म्हणाले, "मग नवी यादी जोडून पुन्हा टपालात टाका."

"मंजूर कधी होईल?"

"नाळे बर्री."

भूत रात्री दार वाजवतं म्हणून कर्नाटकात दारांवर 'नाळे बा', उद्या ये, असं लिहून ठेवायचे. भूत वाचतं, परत जातं, दुसऱ्या दिवशी येऊन तेच वाचतं. निदान भुताला प्रत्येक खेपेला नवी यादी जोडावी लागत नसे.

आता गंमत बाजूला. पैसा कॉलेजचा नाही, प्रकल्पाचा आहे. मंजूर होऊन खात्यावर पडलाय. कुरिअरनं आलेल्या डिस्का माझ्या टेबलाखाली खोक्यात आहेत आणि त्यातला डेटा उतरवून घ्यायला जागा नाही. ज्यांनी रक्त दिलं त्या रुग्णांना आम्ही 'अहवाल लवकरच' असं सांगून बसलोय. ३१ मार्चला उरलेला निधी परत जाईल, आणि एप्रिलात 'मंजूर रक्कम वेळेत का खर्च केली नाही' असं विचारणारं पत्र येईल. माझं कंत्राटही ३१ मार्चलाच संपतंय. त्या पत्राला उत्तर कुणी द्यायचं, हे मात्र कुठल्याच टेबलावर ठरलेलं नाही.