डावा नऊ, उजवा आठ

दुकानाच्या तक्रारवहीत माझ्या नावावर परवा एक वाक्य जमा झालं : ‘मुलगी बोलायला बरी आहे, पण जोडी फोडायला तयार नाही.’ खाली तारीख, सही आणि सहीखाली दोन ठसठशीत रेघा. आमच्या मॅनेजरला मराठी वाचता येत नाही, पण तक्रारवहीत काही लिहिलंय म्हणजे चूक माझीच, एवढं त्याला वाचल्याशिवायच कळतं.

विजयनगरकडच्या एका मॉलमध्ये मी बूट विकते. म्हणजे दिवसभर वाकते. इंदुरात या वाकण्याची एक वेगळीच भानगड आहे. इथल्या हिंदी घरांतून मुलींना पायाला हात लावू देत नाहीत, उलट त्यांच्याच पाया पडतात. त्यामुळे मी शूहॉर्न घेऊन खाली बसले की समोरचे अंकल विंचू चावल्यासारखे पाय वर घेतात. ‘अरे बेटा, बेटियाँ पैर नहीं छूतीं!’ मग एवढं पुण्य पदरात पडलं म्हणून हेच अंकल मला स्टॉकरूममधून डझनभर डबे काढायला लावतात, एकेका लेबलचा फोटो काढतात आणि ‘ऑनलाइन देख लेते हैं’ म्हणून निघून जातात. मराठी गिऱ्हाइकाचं असं नाही. तंगडी थेट पुढे. ‘घाल.’

तर हे काका मराठी. राजेंद्रनगरचे, हिशेबखात्यातून रिटायर झालेले. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर आडनाव वाचून म्हणाले, ‘आपलीच दिसतेस!’ तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. ‘आपलीच’ म्हणणारं गिऱ्हाईक आपला वेळही आपलाच समजतं.

माप घेतलं. डावा पाय नऊ, उजवा आठ. यात नवल काही नाही, बहुतेकांचे पाय थोडे उन्नीस-बीस असतातच. मोठ्या पायाच्या मापाचा बूट घ्यायचा आणि दुसऱ्यात जादा सुकतळा घालायचा, हा आमच्या धंद्यातला जुना उपाय. मी तो सांगितला.

‘म्हणजे पैसे पूर्ण बुटाचे घेणार आणि माझ्या उजव्या पायाला गादी देणार? तो काय आजारी आहे?’

‘तसं नाही काका.’

‘मग डावा नऊचा दे, उजवा आठचा दे. दोन्ही पाय माझेच आहेत ना?’

मी म्हटलं, एकेक बूट विकत नाही. काका उठले, रॅकपाशी गेले आणि डिस्प्लेचा बूट हातात घेऊन आले. ‘याचा जोडीदार कुठाय?’

‘आत, डब्यात.’

‘म्हणजे तुम्ही राजरोस जोड्या फोडता. गिऱ्हाइकाने मागितलं की मात्र पाप.’

शेजारी काकू पर्समधून शेव काढून खात होत्या. त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, ‘आमच्या लग्नात माझ्या बहिणींनी यांचा एकच जोडा पळवला होता. यांनी पैसे निम्मेच दिले.’

काकांनी यातली बदनामी ऐकलीच नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्याच रिकाम्या डब्यावर हिशेब मांडला. बूट 3,200 रुपयांचा. सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर 5 टक्के जीएसटी, त्यावर 18. ‘आता मला दोन सुटे बूट विक. प्रत्येक सोळाशेचा. सोळाशेला 5 टक्के. वाचलेले पैसे निम्मे माझे, निम्मे दुकानाचे.’

‘नियमात दर जोडीला असं लिहिलंय, काका.’

‘एक नऊ आणि एक आठ, याला जोडी म्हणतात?’

मी गप्प झाले. कारण खरंच म्हणत नाहीत. आमच्या मापात आठ आणि नऊ यांच्यात अंतर किती, तर इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्या फटीत माझी सबंध दुपार गेली.

‘आणि उरलेल्या डाव्या आठचं आणि उजव्या नऊचं मी काय करू?’ मी अखेर विचारलं.

‘माझ्या उलट्या माणसाला विक. एवढ्या मोठ्या इंदुरात एक सापडणार नाही?’

हे सगळं चाललं तेव्हा काका गुबगुबीत बाकावर बसले होते आणि मी उकिडवी. आमच्या दुकानात बाक भरपूर आहेत. खास गिऱ्हाइकांसाठी. शॉपिंगला आलेल्या बायकांचे नवरे तिथे फुकटच्या एसीत घोरतात, त्यांनाही कोणी उठवत नाही. आम्ही टेकलो की मात्र कॅमेऱ्यात दिसतं. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा दिलीच पाहिजे असा कायदा केला. म्हणजे खुर्ची मिळवायला विधानसभा लागते. आमच्याकडे मॅनेजर सांगतो, ‘खड़े रहने से एनर्जी दिखती है.’ तो हे बसून सांगतो. युनिफॉर्मचे काळे बूट आमचे आम्ही घ्यायचे. संध्याकाळी पाय सुजतात म्हणून बूट संध्याकाळीच घ्यावेत हा सल्ला मी दिवसभर लोकांना देते, पण माझे पाय संध्याकाळी कशात मावतात हे अजून कोणी विचारलेलं नाही. रात्री शटर पडलं की भाऊ म्हणतो, चल सराफ्यात, गराडू खाऊ. सराफा म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार आणि गराडू म्हणजे तळलेला कंद. पण सराफ्यात काय, तिथेही उभ्यानेच खायचं.

असो. काकांनी काहीच घेतलं नाही. नाही, खोटं का बोला, लेस घेतली. ती जोडीनेच घेतली, कुरकुर न करता. मग वही मागून ते वाक्य लिहिलं.

मॅनेजरचा हुकूम सुटला : फोन करून माफी माग. कशाची, ते त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. काल केला फोन.

‘अगं, बरं झालं केलास!’ काका फोनवर ओरडलेच. ‘सापडला! आमच्या कॉलनीच्या बागेत रोज माझ्यापुढे चालतो. काल दोघांनी बाकावर बसून पाय मोजले. त्याचा उजवा नऊ, डावा आठ! रविवारी घेऊन येतो त्याला. दोन जोड्या एकदम घेतोय म्हटल्यावर डिस्काउंट किती, ते तेवढं विचारून ठेव.’

रविवारी आम्हाला सुट्टी नसते, हेही त्यांनी त्या दिवशी माझ्याकडून काढून घेतलंच होतं.