‘कॉम्प्युटर घ्या, पुणे गाठा, कर्ज काढा’: सोलापुरात फिरणाऱ्या सल्ल्याचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: ‘इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर सोडून दुसरी शाखा म्हणजे चार वर्षं पाण्यात. सोलापुरात शिकून नोकरी लागत नाही, पुण्यातलं कुठलंही कॉलेज चालेल. फी बघू नका, कर्ज काढा, पॅकेजमधून दोन वर्षांत फिटतं. सवलती आपल्यासारख्यांना नसतात. सीटची भीती वाटत असेल तर आधीच पैसे भरून पक्की करा.’ यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची तपासून बघू.

‘दोन वर्षांत फिटतं’

खासगी कॉलेजची एकूण फी वर्षाला सव्वा लाख धरू. पुण्यात खोली आणि मेस महिना दहा हजार, वर्षाचे दहा महिने. चार वर्षांचे नऊ लाख झाले. लाखभर घरून घातले, आठ लाखांचं कर्ज काढलं. दहा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी हप्ता बसतो १३,२८० रुपयांच्या आसपास, आणि शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही.

आता पगार. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नव्याने लागणाऱ्यांचं पॅकेज साधारण साडेतीन लाखांच्या घरात असतं. ३ लाख ६० हजार धरा, त्यातला निम्मा मूळ पगार. कंपनीचा पीएफचा वाटा २१,६०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ८,६५० याच आकड्यात मोजलेले असतात. तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा २१,६००, व्यवसाय कर २,५००. हातात महिन्याला साडेपंचवीस हजार पडतात. पॅकेजमध्ये दहा टक्के ‘व्हेरिएबल’, म्हणजे दरमहा न मिळणारा, कामगिरीवर ठरणारा भाग असेल तर साडेबावीसच. हप्ता वजा जाता उरले नऊ ते बारा हजार, ते खोली आणि डब्यातच संपतात. दोन वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता ३६,९०० येतो. पगारच तेवढा नाही.

‘सवलती आपल्यासारख्यांना नसतात’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या वर्गातल्या मुलांनाही निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना त्याच उत्पन्न मर्यादेत २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दोन्हींना एक अट सारखीच: प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा.

तिसरी वाट टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ‘ट्यूशन फी वेव्हर स्कीम’ची. मंजूर जागांच्या पाच टक्के जादा जागा, म्हणजे ६० च्या वर्गात तीन. शिक्षण शुल्क शून्य, उत्पन्न मर्यादा आठ लाख. इथे पालक नेहमी एक चूक करतात. उत्पन्नाचा दाखला जोडला की माफी आपोआप मिळेल, असं त्यांना वाटतं. तसं नाही. या जागेचा चॉइस कोड (पर्याय अर्जात टाकायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, त्याच्या शेवटी ‘टी’ हे इंग्रजी अक्षर असतं. पर्याय भरताना हवी ती शाखा आधी ‘टी’ कोडने टाकायची आणि लगेच खाली तीच शाखा साध्या कोडने. ‘टी’चा कटऑफ बहुधा वर जातो, म्हणून खालची ओळ सोडायची नाही. मात्र फी वाचते म्हणून नको असलेली शाखा पहिल्या क्रमांकावर टाकू नका. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीझ होतो, पुढच्या फेऱ्या बंद.

या सगळ्यांत माफ होतं ते शिक्षण शुल्क, मुलींना परीक्षा शुल्कही. विकास शुल्क, वसतिगृह, मेस खिशातूनच. म्हणून शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय फी बघताना ‘शिक्षण’ आणि ‘विकास’ हे दोन आकडे वेगळे लिहून घ्या. वरच्या सव्वा लाखात शिक्षण शुल्क १ लाख १० हजार असेल तर निम्म्या सवलतीत वर्षाला ७० हजार भरावे लागतात, पूर्ण माफीत १५ हजार. ही सवलत पुण्यातही मिळतेच, हे खरं. सोलापुरात घरी राहून वाचतात ते खोली-मेसचे चार लाख.

महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर पैसे अडकतात ते बहुतेक दोन कारणांनी: आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नाही, किंवा आधार भलत्याच बँक खात्याला जोडलेलं असतं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज राहून जाणं हे तिसरं.

‘कॉम्प्युटरच’

अर्धं खरं वाक्य ते हे. पहिल्या नोकऱ्यांची संख्या या शाखेत मोठी आहे, ज्याला कोड लिहायला आवडतं त्याने ती जरूर घ्यावी. पण तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांसाठी जागांची कमाल मर्यादा काढली आणि कॉम्प्युटर-एआय-डेटा सायन्सच्या तुकड्या वाढल्या. त्याच नोकऱ्यांसाठी रांग लांबली. मोठ्या भरतीत आयटी कंपन्या इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकलच्या मुलांनाही बसू देतात. उलटं होत नाही: महावितरणच्या सहायक अभियंता (वितरण) पदाला इलेक्ट्रिकलचीच पदवी लागते, जलसंपदा आणि बांधकाम खात्याला सिव्हिलची.

‘सोलापुरात नोकरी नाही’

फताटेवाडीजवळ एनटीपीसीच्या वीज केंद्राचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. जिल्हाभर साखर कारखाने, त्यांची सहवीज आणि इथेनॉल, शिवाय चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी. बॉयलर, टर्बाइन, इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं इथे लागतातच. सुरुवातीचा पगार पुण्याहून कमी, हे कबूल. पण कारखान्यात अनुभव घेऊन बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा पास झालेल्याची किंमत वेगळी असते.

कॉलेज निवडताना शहराऐवजी शाखेचा प्लेसमेंट तक्ता मागा. ऑफर किती हे विचारू नका, एकाच मुलाच्या तीन ऑफर तीनदा मोजल्या जातात. किती विद्यार्थी पास झाले, किती प्रत्यक्ष लागले, मधला (मीडियन) पगार किती, हे विचारा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं ही माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. दर्जाच्या मानांकनांपैकी एनबीए शाखेला असतं, नॅक कॉलेजला, तेव्हा दोन्ही बघा. आणि कॉलेजचा कोड नीट वाचा. सोलापूरचं वालचंद (१९८३) आणि सांगलीचं वालचंद (१९४७) या दोन वेगळ्या संस्था आहेत, घाईत घोळ होतो.

दहावीच्या पालकांसाठी एक पुरवणी: शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला तरी एकूण वर्षं सहाच होतात. सीईटीही लागत नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर गुणवत्ता यादी लागते. अडचण येते ती दुसऱ्या वर्षाच्या गणितात, त्याची तयारी उन्हाळ्यात करावी लागते.

‘आधीच पैसे भरून पक्की करा’

कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीपलीकडे घेतल्या जाणाऱ्या पैशांवर, महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॅपबाहेर कॉलेजने स्वतः भरायच्या जागा कायदेशीर आहेत, पण त्याही गुणवत्तेनेच भरायच्या असतात आणि त्यांवर शाहू योजना किंवा मुलींची शुल्कमाफी लागू होत नाही. कुणी पावती न देता रक्कम मागत असेल तर ते पैसे तर जातातच, पुढच्या चार वर्षांची सवलतही त्यांच्यासोबत जाते.