आबालालांचे कोटितीर्थ

आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात चित्रकार आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रापुढे उभी होते. शेजारचा एक तरुण आपल्या मित्रांना मोठ्याने सांगत होता, की दरबाराच्या पगारावर जगणाऱ्याला सगळे सुंदरच दिसणार. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मी दहा वर्षांची असताना बाबांनी ही चित्रे दाखवून मला थेट त्यांतल्या कोटितीर्थ तळ्यावर नेले होते. समोरचे तळे चित्रासारखे मुळीच नव्हते आणि मी तसे बोलूनही दाखवले. "डोळे किलकिले करून बघ," बाबा म्हणाले. पापण्यांच्या फटीतून काठावरचा कचरा विरून गेला आणि पाण्यावर उरले ते फक्त उतरते ऊन आणि झाडांच्या गडद सावल्या.

आबालालांनी तळे सुंदर केले म्हणून ते खोटे कसे ठरते? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेल्या या चित्रकाराला शाहू महाराजांनी आश्रय दिला, तसाच तो गायक अल्लादिया खाँसाहेबांनाही दिला. खाँसाहेबांच्या गाण्याला कोणी पगारी गाणे म्हणत नाही, मग चित्रकाराच्याच वाट्याला हा हिणकस शेरा का? खुशामतच करायची असती, तर राजवाडे रंगवता आले असते. पाणी, झाडे आणि पहाटेचा उजेड यांतून कोणत्या राजाची स्तुती होते?

राजाश्रयाने माणूस मिंधा होऊ शकतो, हे मान्य. पण महाराज १९२२ साली गेले आणि आबालाल १९३१ साली. महाराज गेल्यावर त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात जुनी माणसे सांगत आली आहेत. पगारापुरते नाते असते, तर अशी आठवण गावाने इतकी वर्षे जपली असती का?

त्या मुलावर आता तितका राग नाही. त्याला कोणी तळ्यावर नेले नसेल. संग्रहालयातून निघून मी एकटीच कोटितीर्थावर गेले. काठावर प्लास्टिक साचले होते आणि पलीकडे वाहनांचा गोंगाट होता. बाबा आता नाहीत. मी डोळे किलकिले केले आणि ऊन पाण्यावरून सरेपर्यंत तशीच उभी राहिले.