मास्तर, मिथुनायोन आणि मिक्सर

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं ठरलं की माणूस आधी इंग्रजीच घासूनपुसून घेतो. नका घेऊ. थायलंडच्या शाळेत रुजू होताना इंग्रजीचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. पहिला प्रश्न येतो तो तुम्ही नक्की जन्मलात कुठं, हा.

बेळगावकराकडं याचं एक उत्तर नाही. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदावर 'बेलगाम'चं 'बेळगावी' झालं. त्यामुळं जुन्या पासपोर्टवर बेलगाम, नव्या पोलिस दाखल्यावर बेळगावी, आणि घरात सगळ्यांच्या तोंडी बेळगाव. बँकॉकच्या टेबलापलीकडच्या बाईंना ही तीन गावं वाटतात, आणि एक माणूस तीन गावांत जन्मलेला त्यांच्या पाहण्यात नसतो. त्यात एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डावर आडनावापुढं नुसती दोन अक्षरं, आणि पासपोर्टवर बापाच्या नावासकट सगळं लांबलचक. नोटरीकडून दोन प्रतिज्ञापत्रं करून घ्या, एक गावाचं आणि एक नावाचं. प्रत्येकाच्या चार-चार प्रती. आपल्याकडं कोर्टासमोरच्या टायपिस्टला हे तोंडपाठ असतं, फक्त तारीख घालायला सांगायची.

मग शिक्के. पदवीवर आधी राज्याचा शिक्का लागतो, मग दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाचा, मग थाई वकिलातीचा. राज्य म्हणजे तुम्ही राहता ते नव्हे, विद्यापीठ आहे ते. निपाणी-चिकोडीकडची निम्मी पोरं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकलेली, म्हणजे दहावीची आणि पीयूसीची (आपली बारावी) वाट बंगळूरला आणि बी.ए.ची वाट मुंबईला. सीमाप्रश्न कुणाच्या फायलीत कुठं अडकला असेल तो असो, तुमच्या फायलीत तो असा बसलेला असतो. या फेऱ्यांना दोन-तीन महिने धरा. तिथली शाळा मेच्या मध्यावर उघडते, तेव्हा संक्रांतीचा तिळगूळ खाल्ला की कामाला लागायचं. शिवाय इंग्रजी ही आपली मातृभाषा नसल्यानं बऱ्याच शाळा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे 990 पैकी 600 गुण मागतात. ही परीक्षा अवघड नाही. दोन तास एका जागी गप्प बसणं आपल्याला अवघड जातं.

एवढं करून सुवर्णभूमी विमानतळावर उतरलं, की सीमाभागातल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. बाहेर सगळ्या पाट्या न वाचता येणाऱ्या! अगदी घरच्यासारखं वाटतं. बसवरची कन्नड पाटी वाचता आली नाही तरी नेमक्या बसमध्ये चढायची कला आपल्याकडं पिढीजात आहे. पुण्याचा माणूस इथं घामाघूम होतो, आपण गर्दीच्या मागं चालू लागतो.

पण थोडं नीट बघितलं तर ही लिपी आपलीच निघते. थाई मुळाक्षरं 44, पण ओळ तीच: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. चक्क ळसुद्धा आहे, उच्चार मात्र ल. खेळाला 'कीला' म्हणतात, त्यातला ल लिहिताना ळ. भाषा म्हणजे 'फासा', आणि शिक्षक म्हणजे 'ख्रू', तो आपला गुरू. इंग्रजीच्या गोऱ्या मास्तरांना प आणि फ, त आणि थ यांतला फरक कळायला सहा महिने लागतात. आपल्याला तो बालवाडीतच कळलेला असतो, त्यामुळं पहिल्या आठवड्यात आपण फार हुशार ठरतो. ही हुशारी दुसऱ्या आठवड्यात उतरते, कारण महिने. एप्रिल म्हणजे मेसायोन, जून मिथुनायोन, सप्टेंबर कन्यायोन, ऑक्टोबर तुलाखोम. राशी ओळखीच्या वाटल्या की माणूस पंचांग उघडल्यासारखा सैल होतो. शेपटाकडं लक्ष ठेवा: 'योन' असेल तर महिना 30 दिवसांचा, 'खोम' असेल तर 31 चा, आणि फेब्रुवारीचा एकटा 'फान'. सन बुद्धाचा, आपल्या सनात 543 मिळवायचे. 2025 म्हणजे तिथं 2568. हजेरीपटावर मुलाचं जन्मसाल 2555 दिसलं तर घाबरू नका, पोरगं 2012 चं आहे.

खरी गोची सुरांची. थाईत सूर पाच: सपाट, खालचा, पडता, वरचा, चढता. सूर बदलला की शब्द बदलला. याचा मासला 'क्लाय'. सपाट सुरात म्हटलं तर लांब, पडत्या सुरात म्हटलं तर जवळ. अख्ख्या भाषेत या दोनच शब्दांना नेमकं एकमेकांशेजारी बसायची काय गरज होती, मला माहीत नाही. आपल्या तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ रिक्षावाल्याला 'लांब हाय काय?' विचारलं तर तो भाडं सांगतो. तिथं 'क्लाय?' विचारलं तर समोरचा हसून 'क्लाय' म्हणतो, आणि तुम्ही उन्हात पाऊण तास चालता. उपाय म्हणजे बोलताना मान हलवायची: पडत्या सुराला हनुवटी खाली, चढत्याला वर. बघणाऱ्याला तुम्ही भजनाला बसल्यासारखे दिसता, पण पोचता. आणि शंका असेल तर शब्द सोडा, फोनवर नकाशा दाखवा.

घराचं सांगतो. भाड्याची खोली घेताना बहुधा दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचं भाडं आधी मोजावं लागतं, आणि पहिला पगार महिनाअखेरीला. म्हणजे दोन महिन्यांचा खर्च खिशात घेऊनच जायचं. तुम्ही राहायला आल्याची वर्दी घरमालकानं 24 तासांत इमिग्रेशनला द्यायची असते, त्या अर्जाला तीएम 30 म्हणतात. मालक विसरतो. पुढं तुमचा अर्ज अडतो तो त्याच्या विसरण्यामुळं, म्हणून पावतीचा फोटो पहिल्याच दिवशी मागून घ्या. पिण्याचं पाणी नळाचं नाही. रस्त्यावरच्या यंत्रात नाणं टाकायचं, एका बाहतला साधारण लिटरभर येतं. पाच लिटरचे दोन कॅन घ्या. बाकी व्यायामशाळा लावायची गरज उरत नाही.

आता मिक्सर. वीज 220 व्होल्टची, आपल्यासारखीच, मोटर जळणार नाही. पण आपली तीन गोल पायांची पिन तिथल्या बोर्डात बसत नाही, दोन पायांची बसते. ॲडाप्टर इथूनच, खडे बाजारातून घेऊन जा. कुकरची चूक मात्र सगळेच करतात. बऱ्याच खोल्यांत स्वयंपाकघरच नसतं, गॅसला परवानगी नसते, म्हणून इंडक्शन येतं. आणि आईनं बॅगेत घातलेला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर ढिम्म तापत नाही, कारण इंडक्शनला लोखंडी तळ लागतो. भांड्याच्या बुडाला फ्रीजवरचा चुंबक चिकटला तर न्यायचं, नाही तर घरीच ठेवायचं. तीन लिटरचा इंडक्शन तळाचा स्टीलचा कुकर, दोन जादा रबर, एक जादा सेफ्टी व्हॉल्व्ह. तिथं ते रबर शोधायला निघालात तर 'क्लाय'चा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

माळकऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. शाकाहाराला तिथं 'मांगसाविरात' म्हणतात, म्हणजे मांसापासून विरत, ऐकायला किती सोवळं! पण 'नाम प्ला' हे माशाचं पाणी तिथं मिठाच्या जागी असतं, आणि मिठाला कुणी मांस म्हणत नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत 'चे' लिहिलेलं दुकान गाठा. त्यात अंडं नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. साधारण आपल्या नवरात्राच्याच दिवसांत तिथं नऊ दिवस या झेंड्यांची रांग लागते, तेव्हा खाऊन घ्या.

शाळा सकाळी आठला झेंड्याच्या रांगेनं सुरू होते. मुलं हात जोडून 'वाय' करतात. नमस्काराला लगेच नमस्कार करायची आपली खोड इथं आवरायची, मास्तरनं मुलाला आधी वाय करायचा नसतो, हसून मान हलवली की झालं. वर्गात चाळीस-पन्नास पोरं. हजेरीपटावर नाव कित्तिसाक, म्हणजे कीर्ती आणि शक्ती, आणि हाका मारायचं नाव 'बँक' किंवा 'गोल्फ'. टोपणनावांची यादी पहिल्याच तासाला करा.

उच्चारांत मुलांची अडचण ठरलेली आहे. शब्दाच्या शेवटी त्यांच्याकडं ल टिकत नाही, त्याचा न होतो, आणि स चा त. फुटबॉलचं 'फुतबॉन', बसचं 'बत्'. हे सुधारायला शेवटचं अक्षर दोन सेकंद ओढायला लावायचं, 'बस्स्स्स', वर्गभर साप फिरल्यासारखं. पोरांना आवडतं. पण 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आला की मास्तरांनी थोडं नम्र व्हावं. थाईत व्ही नाही, आणि आपण दोन्हीला एकच 'व' लावून आजवर निभावलेलं आहे. एक हातआरसा न्या. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला दात आत आणि ओठ गोल. रोज दहा मिनिटं, आधी स्वतः, खोलीचं दार लावून.

दर 90 दिवसांनी 'मी इथंच राहतो' असं इमिग्रेशनला कळवायचं. मुदतीच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत चालतं, चुकलं तर 2000 बाहत दंड. गणपतीला रजा मिळायची नाही, सत्र ऐन भरात असतं. ऑक्टोबरात सुट्टी असते, दिवाळी तीत सापडली तर नशीब. निघण्यापूर्वी री-एंट्री परमिट काढा, एका फेरीचे 1000 बाहत. ते न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की वर्षभराचा व्हिसा तिथल्या तिथं संपतो, आणि व्हिसाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

परत जाताना स्टाफरूमसाठी काहीतरी न्यावंच लागतं. गावाहून आणलेल्या खाऊला तिथं 'खोंग फाक' म्हणतात, आणि रिकाम्या हाताचा मास्तर वर्षभर लक्षात राहतो. कुंदा न्यायचा मोह होईल, पण दुधाचा पदार्थ, उकाड्यात टिकायचा नाही. मांडे पोचेपर्यंत पीठ होतं. गोकाकचा करदंट न्या, डिंक-गुळाचा, बॅग आपटली तरी त्याला काही होत नाही. गोकाक कुठं आलं, असं कुणी विचारेलच. बेळगावपासून 60-70 किलोमीटर. सरळ 'क्लाय' म्हणा, जवळ की लांब ते त्यांचं ते ठरवतील.