भाच्याची 'रोलेक्स', माझं एचएमटी आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वही काढली, तिसऱ्यांदा भिंग काढलं. भिंगाची गोष्ट शेवटी सांगतो.

तुम्ही नाव दिलेलं नाही, 'मिरजेचा एक घड्याळवेडा' एवढीच सही आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश असा. फर्स्ट कॉपी, म्हणजे नामांकित घड्याळांच्या हुबेहूब नकला, यांवरच्या लेखात मी रोलेक्सच्या 'सबमरिनर' या पाणबुड्यांसाठीच्या मॉडेलची, एका खऱ्याची आणि भाच्याकडच्या खोट्याची, जी तुलना केली, ती तुलनाच चुकीची होती. तुमची स्वतःची कॉपी अडीच वर्षं दिवसाला पाच सेकंदांच्या फरकाने चालते आहे, मग लाखांचा फरक कशाचा, असं तुम्ही विचारता. लग्नात एक ग्रॅम सोन्याचे दागिने राजरोस चालतात, ते कुणाला टोचत नाही, मग घड्याळच का टोचावं, हा तुमचा पुढचा प्रश्न. आणि शेवटचं वाक्य: 'रंगवलेल्या डायलचं एचएमटी अस्सल म्हणून मिरवणाऱ्याने दुसऱ्याच्या मनगटाकडे बोट दाखवू नये.'

तुलनेबद्दल तुमचं बरोबर आहे. मिरजेच्या ज्या डॉक्टरांनी त्यांचं घड्याळ मला पाऊण तास हाताळू दिलं, त्यांचं मॉडेल १६६१०, म्हणजे १९८८ ते २०१० या काळातली सबमरिनर. भाच्याची कॉपी तिच्यानंतर, २०१० साली आलेल्या ११६६१० ची. जुनीच्या बेझेलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, ॲल्युमिनियमची चकती असते, नवीच्या बेझेलवर सिरॅमिकची. 'खऱ्याचा काळा रंग मऊ, खोट्याचा काचेसारखा चकचकीत' असं मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. खरी ११६६१० सुद्धा तशीच चकचकीत असते. पट्ट्याच्या बाबतीत तर माझा गुन्हा याहून मोठा आहे. १६६१० च्या पट्ट्याचं कुलूप पातळ पत्रा दाबून केलेलं असतं, हातात घेतलं की पत्र्यासारखंच वाजतं. भाच्याच्या कॉपीचं कुलूप त्याहून भरीव लागत होतं. हे मला त्याच दिवशी जाणवलं होतं आणि मी ते लेखात घातलं नाही, कारण लेखाचा निकाल मी मिरजेला जाणाऱ्या बसमध्येच ठरवून टाकला होता. कुपवाडच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाने गैरसोयीचं माप वहीतून गाळावं! तिथे कुणी पोरानं असं केलं असतं तर मी त्याला मशीनवर उभं राहू दिलं नसतं.

तुम्ही सांगितली नाही अशी एक चूक मीच सांगतो. सेकंद काटा तरंगत गेला तर खरं, उड्या मारत गेला तर खोटं, असं मी लिहिलं होतं. नकलेत सेलचं मशीन असायचं त्या काळातलं हे सूत्र. आता नकलेतही ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने स्प्रिंग भरणारं, मशीन असतं. भाच्याच्या घड्याळातलं चिनी २८१३ तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला सहा. रोलेक्सचं ३१३५ देतं २८,८००, म्हणजे सेकंदाला आठ. सहा आणि आठमधला फरक काट्याच्या चालीत ओळखायला सरावलेली नजर लागते, कानाला तो लवकर कळतो. आणि जास्त पैसे मोजून घेतलेल्या कॉपीत तर आठ ठोक्यांचंच मशीन बसवलेलं असतं, म्हणजे तीही खूण गेली.

मग माझ्या लेखातलं उरलं काय? एक गोष्ट उरली, पण मला ती नीट मांडता आली नव्हती. नक्कल किती हुबेहूब आहे हा एक प्रश्न, आणि घड्याळ किती चांगलं आहे हा दुसरा. मी पहिल्याची उत्तरं दुसऱ्याला चिकटवली. रागावू नका, पण तुम्हीही तेच करताय, फक्त उलट्या बाजूने. मी म्हटलं, हुबेहूब नाही म्हणून वाईट. तुम्ही म्हणता, हुबेहूब आहे म्हणून चांगलं.

भाच्याने २०१८ मध्ये १४,००० रुपये मोजले. ते गेले कुठे, हे आम्हाला पुढच्या वर्षी कळलं, तेही विचारायला न जाता. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. बहिणीचं घर गावभागात. भाचा कमरेएवढ्या पाण्यातून धान्याची पोती आणि टीव्ही माडीवर चढवत होता, घड्याळ हातातच. त्या डायलवर छापलेलं, १००० फूट, ३०० मीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या आतून वाफ, आणि तारखेवरच्या भिंगाखाली पाण्याचा एक टपोरा थेंब. (बहिणीच्या हातातलं दोन हजारांचं कॅसिओ त्याच पाण्यात होतं, त्याला काही झालं नाही. ती ते अजून भाच्याला ऐकवते.)

पूर ओसरल्यावर गणपती पेठेमागच्या बोळातल्या आमच्या घड्याळजी काकांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर तेव्हा पुरातल्या घड्याळांचा ढीगच होता. भिंग डोळ्याला लावून त्यांनी मागचं झाकण फिरवलं, आणि म्हणाले, "रबर घातलंय, पर ग्रीस लावायचं इसरल्यात." मग भिंग माझ्याकडे दिलं. झाकणाच्या आट्यांवर बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची धारदार कड, तशीच सोडलेली. त्या बरीने रबर रिंग एका जागी कापली गेली होती, पाणी तिथूनच शिरलेलं. चावीच्या नळीच्या आट्या सैल. मशीनवर मात्र रोलेक्सच्या धाटणीची, कोरीव अक्षरांची एक चकती स्क्रूने बसवलेली, जिचा चालण्याशी काही संबंध नाही. आणि बाहेर? काचेच्या आतल्या कडेला गोल फिरवलेली रोलेक्स, रोलेक्स, रोलेक्स ही अक्षरं ठिकठाक. काचेत सहाच्या आकड्यापाशी तो बारीक मुकुटसुद्धा होता, तोही खऱ्यापेक्षा ठळक, न शोधता दिसेल असा. जिथे डोळा पोचतो तिथपर्यंत काम झालेलं. आट्यांवरची बर काढायला काय लागतं? एक पोरगं आणि अर्धा मिनिट. तो अर्धा मिनिट त्यांनी वाचवला, कारण गिऱ्हाईक झाकण उघडत नाही.

इथे कॉपीच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. काकांनी मशीन दुरुस्त केलंच नाही. मुंबईहून तसंच नवं २८१३ मागवलं, दीड हजारात बदलून दिलं. डॉक्टरांना एका सर्व्हिसिंगला जेवढे पडतात त्यात अशी कितीतरी मशिनं येतील. भाचा ते घड्याळ आजही घालतो. हात धुताना काढून ठेवतो.

आता तुमचे पाच सेकंद. मी ते खोटं मानत नाही. पण ते कसे मोजलेत? रोज रात्री मोबाईलशी ताडून, असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे चोवीस तासांचा गोळाबेरीज फरक. स्वस्त मशीन बऱ्याचदा रात्री डायल वर करून ठेवलं की पुढे पळतं, दिवसा हात खाली सोडलेला असताना मागे पडतं, आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन हिशेब पाचावर येऊन बसतो. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या क्रोनोमीटर चाचणीत मशीन १५ दिवस, ५ स्थितींमध्ये (डायल वर, चावी खाली वगैरे) आणि ३ तापमानांत तपासतात, आणि दिवसाची सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असावी लागते. २०१५ पासून रोलेक्स त्यावर स्वतःची आणखी कडक मर्यादा लावते, उणे २ ते अधिक २. स्थितींमधला फरक किती, हा तिथला खरा प्रश्न.

तुमची प्रतिक्रिया वाचून मी भाच्याचं घड्याळ मोबाईलच्या माइकवर ठोके मोजणाऱ्या ॲपने पुन्हा मोजलं. पंखा बंद करून, दार लावून, सांगलीच्या उन्हाळ्यात. डायल वर: अधिक १८. चावी खाली: उणे ११. बाकीच्या स्थिती याच्या मधे कुठेतरी. म्हणजे २९ सेकंदांचा पसारा, आणि सरासरी काढली तर तुमच्यासारखीच देखणी. डॉक्टरांचं घड्याळ सहा वर्षांत उघडलेलं नव्हतं. ते त्याच पाच स्थितींत अधिक २ ते अधिक ७ मध्ये चाललं. पसारा पाचाचा. पैसा जातो तो अशा ठिकाणी. ३१३५ मध्ये बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलत ठोके देणारं चाक, ज्या पट्टीने पेललेलं असतं ती एका बाजूने नाही, दोन्ही बाजूंनी टेकलेली असते, आणि चाल कमीजास्त करायला दांडी नसते, चाकावरचेच बारीक स्क्रू फिरवावे लागतात. धक्का बसला तरी लावलेली चाल हलू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

एवढ्यासाठी इतके लाख द्यावेत का? मी देणार नाही. माझ्याकडे नाहीत, आणि असते तरी बायकोने घर रंगवून घेतलं असतं. त्या किमतीत नावाचाही मोठा वाटा आहे, हे तुमचं म्हणणं मला मान्य. आणि वेळच पाहायची असेल तर सेलवरचं पाचशेचं घड्याळ डॉक्टरांनाही हरवतं आणि तुम्हालाही. महिन्याला फरक पंधरा-वीस सेकंदांचा. म्हणजे 'माझी कॉपी वेळ दाखवते' हा मुद्दा कॉपीच्याही उपयोगाचा नाही.

एक ग्रॅम सोन्याचं उदाहरण मात्र तुमच्याच विरुद्ध जातं. आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगायची गरज पडू नये. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं देशभरच्या सराफ पेठांत सोनं-चांदी गाळत बसली आहेत. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा. पितळेला पितळ म्हणून विकणाऱ्याशी त्यांचं काही भांडण नसतं. एक ग्रॅमवाला दुकानाच्या पाटीवरच 'एक ग्रॅम' लिहितो. पण त्याच बांगडीवर त्याने बीआयएसचं चिन्ह, बावीस कॅरेटचा ९१६ आकडा आणि सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक ठोकला तर? एक ग्रॅमच्या बांगडीच्या तोलाचं घड्याळ म्हणजे सबमरिनरसारखं दिसणारं, पण डायलवर स्वतःचं नाव लिहिलेलं. अशी घड्याळं ढिगाने मिळतात, काही तर उत्तम असतात, आणि त्यावर मी कधी एक शब्द बोललो नाही. तुमच्या हातातल्या घड्याळावर हॉलमार्क ठोकलेला आहे. ते घालण्यात कायद्याची अडचण नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याची १०३ आणि १०४ ही कलमं बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला लागतात, ६ महिने ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. पण उद्या कंटाळा आला म्हणून तुम्ही ते 'कंडिशन एकदम टकाटक' लिहून विकायला काढलंत, तर विकणारे तुम्ही असाल.

आता एचएमटी. लेखावरच्या फोटोतलं 'पायलट' हे एचएमटीचं मॉडेल मी २०२१ मध्ये ऑनलाइन घेतलं, १,९०० रुपयांना. 'मूळ स्थितीतलं' असं विकणाऱ्याने लिहिलं होतं, तेच मी लेखात उतरवलं. तुम्ही फोटो मोठा करून पाहिलात आणि लिहिलंत की मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या समोर येत नाहीत आणि चिन्ह जाडसर आहे. म्हणून भिंग काढलं. डायलच्या मधल्या भोकाच्या काठावर रंग साचलेला आहे. 'जुवेल्स'ची (मशीनमधल्या, घर्षण कमी करणाऱ्या खड्यांची संख्या सांगणारी) अक्षरं शाई फुटावी तशी पसरली आहेत. रविवारी काकांकडे उघडून घेतलं तर डायलच्या कडेला कानशीने मारलेली एक बारीक खाच निघाली, पुन्हा छापताना डायल सरळ बसावी म्हणून मारतात तसली. बंगळूरला १९६१ मध्ये सिटीझनच्या मदतीने सुरू झालेला हा घड्याळांचा धंदा गुंडाळायला २०१६ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, त्यानंतर जुन्या एचएमटीला जी मागणी आली तिच्यावर असे रंगारी पोसले गेले, हे मला माहीत होतं. इतरांना मी सांगतही होतो.

मशीन तरी खरं एचएमटीचं आहे, सतरा जुवेलचं, असं मी स्वतःशी म्हणून पाहिलं. मग आठवलं की भाचाही असंच म्हणाला होता, "स्टील तरी खरं आहे ना मामा."

लेखातल्या फोटोखालची ओळ बदलली आहे: 'एचएमटी पायलट, डायल रंगवलेली.' बेझेल, पट्टा आणि सेकंद काट्याचे परिच्छेद खोडले नाहीत, त्यांच्याखाली तुमची हरकत जोडली आहे. पायलट अजून घालतो. पूर्वीइतकं आवडत नाही. मशीन तेच, टिकटिक तीच, तरी हात आपोआप दुसऱ्या घड्याळाकडे जातो. याचं नीट उत्तर मला देता येत नाही, आणि तुमच्या 'मग फरक कशाचा' या प्रश्नापुढे ते जरा अडचणीचंच आहे.

मिरज काही लांब नाही. येत्या रविवारी दहाला काकांच्या दुकानात येता का? त्यांच्याकडे ठोके मोजायचं खरं यंत्र आहे, माझ्या ॲपवर विसंबायला नको. तुमची कॉपी, भाच्याची कॉपी आणि माझं पायलट, तिन्ही पाच-पाच स्थितींत लावू आणि जे आकडे येतील ते इथेच छापू. काकांना वेळ लागतो, म्हणून भडंग मी आणतो. तुम्ही फक्त घड्याळ आदल्या रात्री चावीने पूर्ण भरून ठेवा. अर्ध्या स्प्रिंगवर मोजलं तर पुन्हा आपलं भांडण.